पुणे ते गुहागर सायकलने : ताम्हिणी की वरंधा? उताराबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी भाची कोथरूडहून गुहागरला सायकलने जायचं म्हणतोय. गुहागर माझं आजोळ. लहानपणी मे महिन्यात स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने जायचो. घाट कधी आला नि कधी गेला ते कळायचंच नाही, डोळे उघडायचे ते थेट चिपळूणला. तो सगळा रस्ता एकदा जागेपणी, आपल्या पायांनी बघायचा आहे. आईला हे सांगितल्यापासून ती रोज विचारते, "निघायची तारीख ठरली का?"

आधी आमच्याबद्दल. माझं वय ४८. तीन वर्षांपासून नियमित सायकल चालवते. आठवड्यातून चार दिवस खडकवासला, रविवारी बोपदेव किंवा जुना कात्रज बोगदा. सिंहगड दोनदा न उतरता पूर्ण चढले आहे. एका दिवसात सर्वात जास्त ११० किलोमीटर झालेत, पण तेव्हा सामान नव्हतं. भाची २० वर्षांची आहे, चढावर ती मला कुठेच्या कुठे मागे टाकते. दोघींच्याही हायब्रिड सायकली, पुढे तीन मागे आठ गिअर, व्ही-ब्रेक (म्हणजे रबर चाकाच्या रिमवर दाबणारे रिम ब्रेक), ३५ मिमीचे टायर. मागे कॅरियर लावून त्याच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, म्हणजे दोन-दोन पॅनिअर, घ्यायचा विचार आहे.

डोक्यात असलेला मार्ग असा. पहिल्या दिवशी पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून माणगाव. दुसऱ्या दिवशी म्हसळ्यावरून दिवेआगर. तिसऱ्या दिवशी भरडखोल, शेखाडी, आरावी असा समुद्राच्या कडेचा रस्ता धरून श्रीवर्धन आणि पुढे हरिहरेश्वर. चौथ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, तिथून केळशी आणि आंजर्ले. पाचव्या दिवशी हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी करत दाभोळ, पुन्हा फेरीबोटीने धोपावे आणि संध्याकाळपर्यंत गुहागर. पाच दिवस जास्त वाटत असतील, पण आम्हाला पळत जायचं नाही. हर्णैला मासळीचा लिलाव बघायचाय आणि कड्यावरच्या गणपतीला जायचंच आहे.

आता खरी अडचण. मला चढाची भीती वाटत नाही, उताराची वाटते.

मागच्या श्रावणात बोपदेव कोंढव्याच्या बाजूने उतरत होते. रस्ता ओला होता. तिसऱ्या वळणाच्या आधी ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ हँडलला येऊन टेकला. सायकल थांबेना. पाय टेकवले, बूट घासत गेले, शेवटी डावीकडच्या चरात जाऊन पडले. मनगटाला बारीक फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लास्टर. समोरून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे लिहितेय. त्याच्या आदल्याच आठवड्यात सायकल सर्व्हिसिंग करून आणली होती आणि "ब्रेक एकदम ओके" असं मला सांगण्यात आलं होतं. नंतर घरी भाचीने ब्रेकचे रबर काढून माझ्या तळहातावर ठेवले. त्यावरच्या खाचा पूर्ण पुसल्या गेल्या होत्या आणि रबरात ॲल्युमिनियमचे चकचकीत कण रुतून बसले होते, नखाने टोकरले तरी निघेनात. रिमवर बोट फिरवलं तर बारीक ओरखडे हाताला लागत होते.

तेव्हापासून उतार आला की बोटं ताठ होतात. सिंहगडावरून खाली येताना मी ब्रेक एक क्षणही सोडत नाही, खाली पोहोचेपर्यंत पंजे आखडतात. हे बरोबर नाही एवढं कळतं, पण सुटत नाही. आणि आता मागे सामान असणार.

तर माहितगारांनी कृपया सांगावं :

ताम्हिणी आणि भोरमार्गे वरंधा यांपैकी माझ्यासारखीने कोणता घाट उतरावा? वरंधाने गेलं तर नीरा-देवघरच्या पाण्याकाठून जाता येईल, पण तो उतार आणि तिथला रस्ता याबद्दल उलटसुलट ऐकतेय. लांब उतारावर ब्रेक नेमका कसा वापरायचा? आणि गुहागरहून सायकली परत कशा आणायच्या? कुंभार्ली घाट चढून यायची हिंमत भाचीत आहे, माझ्यात नाही.

"गाडीने जा की" असं कृपया सुचवू नका, ते घरचे सांगतातच.

प्रतिसाद

ताई, ताम्हिणीच घ्या. वरंधा सुंदर आहे, वाघजाईपाशी थांबून खालची दरी बघण्यासारखं सुख नाही. पण पावसाळ्यात तिथे दरड येते, रस्ता बंद होतो, आणि पावसानंतर काही पट्टे उखडलेलेच सापडतात. उताराची धास्ती असताना वळणावर खडी, हे गणित नको. शिवाय वरंधा तुम्हाला महाडला उतरवतो, दिवेआगर त्यामुळे वाकडं पडतं.

ताम्हिणीत आधी पिरंगुटचा छोटा घाट, मग मुळशीच्या पाण्याच्या कडेने सतत चढ-उतार. हा भागच दमवतो. खरा उतार डोंगरवाडीच्या पुढे. तिथे पोहोचेपर्यंत पाय आणि डोकं दोन्ही थकलेलं असतं आणि चुका तिथेच होतात. म्हणून डोंगरवाडीला पंधरा मिनिटं बसा, काहीतरी खा, मग उतरा. शनिवार-रविवार टाळा, गाड्यांची रांग असते. फोनला रेंजही बराच वेळ नसते, घरी आधीच सांगून ठेवा.

ब्रेकचं म्हणाल तर तुम्ही करताय तेच सर्वात धोक्याचं. रिम ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, फार तापली तर ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडायचा. मग सोडून वळण घ्यायचं. पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. वेग पाडायचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, त्याला घाबरू नका, मात्र वळणात आणि खडीवर तो आवळू नका. बूड थोडं मागे, कोपर सैल. दर दोन-तीन किलोमीटरला थांबा. रिम तापली का ते बघायला बोट लावू नका, बाटलीतलं पाणी दोन थेंब टाका. चर्र झालं तर निवांत फोटो काढा.

सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. पाठीवर सॅक अजिबात नको, तोल वर जातो.

प्रतिसाद

मी दापोली तालुक्यातली. पुण्याची मंडळी घाट उतरली की म्हणतात, आता सपाट. ताई, सपाट काहीच नाही हो! आमच्याकडे प्रत्येक गाव खाडीशी नाहीतर पुळणीशी, आणि दोन गावांच्या मध्ये एक डोंगर. समुद्रसपाटीवरून सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळ-पठारावर, चढायचं, परत समुद्रसपाटीला यायचं, दिवसातून चार-पाच वेळा. चढ लांब नसतात पण उभे असतात. सड्यावर जांभा तापतो, सावलीला एक झाड नसतं. सकाळी साडेसहालाच निघा, अकरापर्यंत मोठा पल्ला मारा, दुपारी कुणाच्या तरी पडवीत पडा.

उत्तरेकडून दक्षिणेला येताय ते उत्तम. या दिवसांत दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, तुमच्या पाठीशी राहील.

वेश्वी ते केळशी हा टप्पा लोक हलक्यात घेतात. मध्ये दुकानं कमी, पाणी वेश्वीलाच भरून घ्या. केळशीपुढे आडे, पाडले असा आंजर्ल्यापर्यंतचा रस्ता आला की सगळा शीण जाईल. पूर्वी आंजर्ल्याहून हर्णैला यायला होडीने खाडी ओलांडायला लागायची, आता पूल आहे. कड्यावरच्या गणपतीचा चढ मात्र सामान खाली ठेवूनच करा.

लिलाव बघायचा तर हर्णैला संध्याकाळी पोचायला हवं. म्हणजे आंजर्ल्याऐवजी मुक्काम हर्णै किंवा मुरूडला करा, पाचवा दिवसही त्याने हलका होईल. तसं केलं नाही तर हर्णै, बुरोंडी, दाभोळ हे सगळे चढ आणि वर बोट एका दिवसात, उगीच घाई होईल. बोटीची शेवटची वेळ आदल्या दिवशी गावात विचारून घ्या.

वाळूत सायकली घालू नका. घातल्याच तर रात्री गोड्या पाण्याने धुवून, पुसून चेनला तेल. खारा वारा एका रात्रीत चेन लाल करतो.

प्रतिसाद

परतीचं : एसटी ठरवलीत तर टपावर कॅरियर असलेली गाडी लागेल, सगळ्या गाड्यांना आता नसतो. सुटण्याच्या ठिकाणी आधी जाऊन वाहकांशी बोला. दुसरा मार्ग चिपळूण स्टेशन. कोकण रेल्वेने पनवेलपर्यंत, सायकल सामानाच्या डब्यात बुक करून. त्यासाठी गाडीच्या बरंच आधी पार्सल खिडकीशी हजर राहावं लागतं. पेडल काढून, हँडल आडवं वळवून, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा. पाना जवळ ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं.

ब्रेकचे चारही रबर स्वतः बदलले. भाचीने शिकवलं, मी केलं, पहिल्या वेळी दीड तास लागला. जुन्या रिमवरचे ओरखडे जास्त निघाले म्हणून पुढची रिमही बदलून घेतली. मग दोन्ही पॅनिअरमध्ये चार-चार किलो तांदूळ भरून मंगळवारी सकाळी सिंहगडावर गेले. चढताना तांदूळ चांगलेच जाणवले. उतरताना सांगितल्याप्रमाणे दाबा-सोडा, दाबा-सोडा केलं. पहिली दोन वळणं सोडायची वेळ आली की बोटं ऐकतच नव्हती, तेव्हा मोठ्याने "सोड" म्हणत गेले. निम्म्यावर थांबून पुढच्या रिमवर पाणी टाकलं. चर्र झालं नाही. खाली गोळेवाडीला पोहोचले तेव्हा पंजे मोकळे होते, ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

ताम्हिणी पक्की. सोमवारी निघणार. चौथा मुक्काम हर्णैला हलवला, त्यासाठी हरिहरेश्वरहून उजाडताच निघू. परतीला चिपळूणहून रेल्वे.

आता एकच राहिलं. दापोलीच्या ताई, बुरोंडीहून दाभोळला येताना कोळथऱ्याचा रस्ता घ्यावा की वरचा? शेवटचा उतार खाडीवर कसा येतो, वळणं किती आवळ आहेत, एवढं सांगाल का? त्या उतारावर भाचीला पुढे ठेवायचं की मी पुढे राहायचं ते त्यावर ठरवते.