मदत हवी आहे: लाखेच्या जुन्या तबकड्या संगणकावर घ्यायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या सापडल्या. रविवारी सकाळी लागायची ती नाट्यगीतं, अभंग, आणि आम्हा भावंडांची बालगीतांची ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे) छोटी तबकडी. तिच्या पाकिटावर ताईने पेन्सिलीने काढलेलं मांजर अजून तसंच आहे!

एलपी आणि ईपी (मोठ्या आणि छोट्या प्लॅस्टिकच्या तबकड्या) स्वच्छ करून लावल्या, आवाज सुरेख येतोय. अडलंय ते ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांपाशी. त्यांची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यासाठी साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. पुण्या-मुंबईत ती खात्रीची कुठे मिळेल? लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे ते लावायचं नाहीच. मग बुरशीचे पांढरे डाग तुम्ही कशाने काढता?

आणखी एक. फोनो प्रीअँपमधला (तबकडीचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) आरआयएए वक्र, म्हणजे खर्ज आणि बारीक आवाज किती वाढवायचे-कमी करायचे याचं प्रमाण, १९५४ मध्ये ठरला. त्याआधीच्या तबकड्या सपाट (कुठलाही वक्र न लावता) रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) नंतर वक्र लावावा का? मूळ फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ वेव्हमध्येच ठेवणार आहे. पण क्लिक (ओरखड्यांची टकटक) काढायला गेलं की तबल्याची थाप बोथट होते, आणि ते मला अजिबात नको आहे. त्यापेक्षा थोडी खरखर परवडली.

आईला आता वाचवत नाही, गाणी हाच तिचा विरंगुळा. त्यामुळे जरा घाई आहे. कुणी स्वतः हे केलं असेल तर सेटिंगसकट सांगा, प्लीज.