माशाला प्रतिकारशक्ती नसते म्हणे! शेततळेवाल्यांनो, जरा थांबा

भीमाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, "माशाच्या अंगात प्रतिकारशक्ती नसतेच, म्हणून दर महिन्याला खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक मिसळायचं." खाली सगळे डोस विचारत बसलेत! रोहूच्या पेशींवर टीएलआर रिसेप्टर असतात, म्हणजे जंतू ओळखणारे पहारेकरी. टीएलआर-५ जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन ओळखतो, आणि आपला वैरी एरोमोनास जिवाणू शेपटीनंच पोहतो. माशांत या रिसेप्टरचं एक रूप पेशीला चिकटलेलं, दुसरं मोकळं फिरणारं. टीएलआर-२२ तर आपल्या अंगात नाहीच. फुगू माशात तो विषाणूचा दुपदरी आरएनए पकडतो. एवढी यंत्रणा असताना दर महिन्याला औषध कशाला?

मोहोळचं शेततळं: जनुकांची नावं घेऊन मासा जगत नाही ओ. हिवाळ्यात अंगावर लाल चट्टे आले, सकाळी मेलेल्या माशांनी तळं पांढरंफटक. बीजवाल्यानं फोन उचलला नाही. कर्ज मी फेडतोय. तेव्हा तुमचा टीएलआर कुठं गेला होता?

भीमाकाठ: तिथंच होता. गार पाण्यात माशाची अँटिबॉडी सावकाश बनते, त्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दाटीनं सोडलेली. आणि लाल चट्टे ईयूएसचे, म्हणजे अंगावर जखमा पडणाऱ्या माशांच्या रोगाचे, असतील तर कारण अफॅनोमायसिस, बुरशीसारखा जीव. त्याला अँटिबायोटिक लागूच पडत नाही.

उजनीकर: शेततळी राहू द्या, आमचं धरण बघा. जाळं ओढलं की चिलापीच (तिलापिया) चिलापी. वाम, शिंगटा पोरांना दाखवायला मिळंना. तिला रोग नाही, राई नाही. तिचीच जनुकं भारी दिसतात!

अक्कलकोटचा मास्तर: रोग नाही कसा? तिलापिया लेक व्हायरस २०१४ साली इस्रायलमध्ये ओळखला गेला, पुढं भारतातही आला. चिलापी वाढली कारण ती काहीही खाते, तोंडात अंडी सांभाळते, आणि तुम्ही बारीक आसाची जाळी टाकून रोहूची पिल्लं उपसता.

उजनीकर: मास्तर, तोंड सांभाळा. बारीक जाळी बाहेरचे टाकतात, नाव आमचं होतं. माझा बाप मोठ्या आसाशिवाय पाण्यात उतरला नाही.

अक्कलकोटचा मास्तर: तुमच्या वडिलांबद्दल बोललो नाही. बाहेरचे टाकतात हे खरं, पण त्यांचा माल घेतं कोण? आणि भीमाकाठ, तुम्हीही एका रिसेप्टरवर भाळू नका. अटलांटिक कॉडचा जीनोम २०११ साली वाचला, त्यात जंतूचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवणारी एमएचसी-२ ची यंत्रणाच नाही. तरी कॉड समुद्रात टिकून आहे. तिच्या जोडीच्या एमएचसी-१ ची जनुकं त्यानं भरमसाट वाढवलीत.

भीमाकाठ: मग ते माझ्याच बाजूचं झालं. मासा स्वतःची वाट काढतो. नॉर्वेनं सामन (सॅल्मन) माशाला लस टोचायला घेतली आणि अँटिबायोटिक जवळजवळ बंद केलं.

मोहोळचं शेततळं: नॉर्वेचा सामन कुठं, माझी रोहू कुठं! बुरशीला ते औषध लागत नाही, एवढं मानतो. औषधाची उरलेली पिशवी खाद्यात मिसळणार नाही. पण मेलेला मासा तपासून त्याच दिवशी रोगाचं नाव कोण सांगतं, तो पत्ता द्या. टीएलआर नंतर शिकवा.

उजनीकर: आणि चिलापीचं काय करायचं ते कुणीच बोललं नाही.