शब्दचर्चा : ‘रेटकॉन’ला मराठीत काय म्हणायचं?

नांदेडकर
सुपरहिरोंच्या संघांवर मराठीत लिहिताना एका शब्दापाशी दरवेळी अडतं. नावारूपाला आलेला जुना संघ नव्या लेखकाच्या हाती जातो आणि तो मागच्या अंकांत घडून गेलेल्या गोष्टीचाच अर्थ फिरवतो. हे रेटकॉन. ‘रेट्रोॲक्टिव्ह कंटिन्युइटी’ असा पूर्ण शब्दप्रयोग लेखक रॉय थॉमस यांच्या ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’ या कॉमिकच्या वाचकपत्रांच्या पानावर 1983 साली छापून आला, आणि पुढं त्याचं हे छोटं रूप रूढ झालं. मराठी लेखांत मात्र ‘बदल’, ‘नवा अवतार’, ‘इतिहासच बदलला’ असं काहीही लिहितात, आणि रीबूटलाही, म्हणजे जुनं सोडून कथा पहिल्यापासून सुरू करण्यालाही, तेच शब्द वापरतात. नेमका शब्द कोणता घ्यावा?

पैठणकर
‘प्रक्षिप्त’ घ्या. मूळ लेखकानंतर दुसऱ्यानं ग्रंथात घातलेला मजकूर तो प्रक्षिप्त. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचे बिघडलेले पाठ शुद्ध केले आणि यापुढं कुणी त्यात आपली ओवी घालू नये असं बजावलं, ते याच भयापोटी. शब्द तयार आहे, अर्थही ओळखीचा आहे.

परभणीकर
पैठणकर, शब्द भारदस्त आहे, पण इथं बसत नाही. प्रक्षिप्त म्हटलं की तो मजकूर परका ठरतो, शोधून बाजूला काढायचा ठरतो. कॉमिक्समध्ये संघाची मालकी लेखकाकडे नसते, प्रकाशकाकडे असते. ख्रिस क्लेअरमाँट यांनी 1975 ते 1991 सलग ‘एक्स-मेन’ लिहिलं, तरी एक्स-मेन मार्व्हलचेच. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा 1963 चा अंक जितका अधिकृत, तितकाच चाळीस वर्षांनी दुसऱ्यानं लिहिलेला.

माझ्या मते आपल्याकडचा रोजचा शब्द चालेल : फेरफार. सातबाऱ्यावर फेरफार मंजूर झाला की जुन्या नावाला कंस होतो आणि फेरफाराचा क्रमांक लागतो. जुनं नाव वाचता येतंच, फक्त त्याचा अंमल संपतो. रेटकॉनमध्ये हेच होतं. जुना अंक रद्द होत नाही, संग्रहात पुन्हा छापलाही जातो. तो नव्या नोंदीसकट वाचायचा एवढंच.

जालनेकर
पण ‘गुणपत्रिकेत फेरफार’ अशी बातमी वाचलेल्या माणसाला यात लबाडी दिसेल, त्याचं काय?

अंबाजोगाईकर
जालनेकर, शंका रास्त आहे. त्यावर येते, पण आधी कशाला फेरफार म्हणायचं ते ठरवू, नाहीतर हा शब्दही ‘बदल’सारखाच सैल होईल.

पहिली चूक संघातल्या भरतीची. 1965 साली ‘ॲव्हेंजर्स’च्या 16 व्या अंकात बाकीचे संस्थापक बाहेर पडले आणि कॅप्टन अमेरिकासोबत हॉकआय, क्विकसिल्व्हर, स्कार्लेट विच उरले. हा रेटकॉन नाही, कथा पुढं सरकली एवढंच. 1975 च्या ‘जायंट-साइझ एक्स-मेन’मध्ये लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कलोसस आणले, तेही तसंच. जुने विद्यार्थी क्राकोआ बेटावर अडकले म्हणून प्रोफेसर झेव्हियर नवा संघ जमवतात. सरळ ‘संघबदल’ लिहा.

आता याच प्रसंगाचं पुढं काय झालं पाहा. 2005-06 च्या ‘डेडली जेनेसिस’मध्ये एड ब्रुबेकर यांनी सांगितलं की या दोन संघांच्या मध्ये झेव्हियरनं आणखी एक तुकडी बेटावर पाठवली होती, ती तिथंच संपली असं समजून त्यानं जुन्या संघातल्या सायक्लॉप्सच्या मनातून ती आठवणच पुसली. 1975 चं एकही चित्र यानं खोटं पडत नाही, पण झेव्हियर तोच राहत नाही. छापलेलं चित्र तसंच आणि त्याचा अर्थ वेगळा, ही माझी कसोटी.

चांगला फेरफार करणारा लेखक न दाखवलेली जागा शोधतो. 1976 मध्ये एक्स-मेनचं अंतराळयान न्यूयॉर्कजवळच्या जमैका बेमध्ये कोसळतं आणि ‘एक्स-मेन’च्या 101 व्या अंकात त्यांच्यातली जीन ग्रे अफाट शक्तीची फिनिक्स होऊन पाण्यातून वर येते. पाण्याखाली काय घडलं ते पानावर नाही. 1980 मध्ये, 137 व्या अंकात, ती मरते. तिच्या हातून एक अख्खा वसलेला ग्रह नष्ट झाला होता आणि संपादक जिम शूटर यांच्या मते एवढ्या संहाराला शिक्षा हवीच होती. 1986 मध्ये ‘एक्स-फॅक्टर’ या नव्या मालिकेसाठी एक्स-मेनमधले मूळचे पाचही जण हवे होते. मग ती पाण्याखालची मोकळी जागा कामाला आली : वर आली ती जीनचं रूप घेतलेली फिनिक्स शक्ती, खरी जीन तळाशी कोषात सुरक्षित. मूळ कल्पना कर्ट ब्यूसेक यांची. दोषही गेला, जीनही परतली.

बिघडलं ते दुसरीकडं. मधल्या काळात जीनचा प्रियकर सायक्लॉप्स यानं मॅडलिन प्रायरशी लग्न केलं होतं, त्यांना मूलही होतं. जीनसाठी तो दोघांना सोडून गेला आणि नायकाला न शोभणारा डाग त्याला कायमचा लागला. तो सावरायला 1989 पर्यंत मॅडलिनला जीनची क्लोन ठरवावं लागलं. एका नोंदीपायी दुसरी. माझ्या मते यात सगळ्यात जास्त अन्याय मॅडलिनवर झाला. स्वतःचं आयुष्य असलेली बाई दुसऱ्याच्या चुकीची दुरुस्ती होऊन बसली.

लातूरकर
जालनेकरांच्या शंकेचं उत्तर क्रियापदात आहे. ‘कागदपत्रांत फेरफार केला’ म्हटलं की लबाडी. ‘जमिनीचा फेरफार झाला’, ‘फेरफार नोंदवला’ म्हटलं की रीतसर नोंद. आपल्याकडं गावात तर ‘फेर झाला’ एवढंच म्हणतात, त्यात कुणाला संशय येत नाही. म्हणून ‘पूर्वकथेचा फेरफार’ आणि सोबत ‘झाला’ किंवा ‘नोंदवला’ वापरावं. ‘ब्रुबेकर यांनी झेव्हियरच्या पूर्वकथेचा फेरफार नोंदवला’ हे वाक्य मला स्वच्छ वाटतं.

रीबूटला मात्र ‘नवी मांडणी’ म्हणा. त्यात जुनं वाचूच नका असं सांगितलेलं असतं. गोंधळ होतो तो एका मालिकेची नवी मांडणी आणि शेजारच्या मालिकेची जुनीच चालू, असं झालं की. डीसी या प्रकाशकानं 1985-86 च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या आपलं सगळं विश्व बदलणाऱ्या मालिकेनंतर 1987 मध्ये वंडर वुमन नव्यानं सुरू केली, जणू ती आत्ताच जगात आली. पण लहानपणी जिला तिनं वाचवलं होतं, ती डोना ट्रॉय टीन टायटन्स या संघात कधीची काम करत होती! 1988 मध्ये टायटन्सच्या लेखकाला डोनाचा उगमच दुसरा लिहावा लागला. लीजन ऑफ सुपर-हिरोज हा संघ 1958 पासून सुपरबॉयच्या, म्हणजे लहानपणच्या सुपरमॅनच्या, प्रेरणेवर उभा होता. 1986 मध्ये जॉन बर्न यांच्या सुपरमॅनला सुपरबॉयपणच उरलं नाही आणि संघाचं मूळच गेलं. आधी दुसऱ्या एका छोट्या विश्वातला सुपरबॉय आणून जोडून घेतलं, शेवटी 1994 मध्ये सगळी नवी मांडणी केली आणि दहा वर्षांनी परत एकदा.

नांदेडकर
फेरफार, नवी मांडणी, संघबदल, तिन्ही घेतो. मग लेखक आधीचं काहीच मानत नाही पण तसं जाहीरही करत नाही, त्याला काय म्हणू? बर्न यांची ‘डूम पेट्रोल’ या डीसीच्या संघावरची 2004 ची मालिका डोळ्यांपुढं आहे.

परभणीकर
ती एका संघापुरती नवी मांडणी. ‘एका संघापुरती’ हे शब्द गाळू नका, कारण अडचण तिथंच झाली : डूम पेट्रोलमध्ये वाढलेला बीस्ट बॉय टायटन्समध्ये आपला जुना इतिहास घेऊन हजर होता. पुढं ‘इन्फिनिट क्रायसिस’ या डीसीच्या मालिकेच्या वेळी जुना इतिहास परत आणला. ते परत आणणं मात्र फेरफारच.