मदत हवी आहे : हॅकिंग सुरू झाले की उरलेले चौघे चहाला जातात

आडगाठ
येत्या रविवारी सांगलीत आमचा पुढचा डाव आहे, त्यामुळे प्रस्तावना टाळून थेट अडचण सांगतो. आमच्या भूमिकाखेळात (रोल-प्लेइंग गेममध्ये) एका खेळाडूचे पात्र हॅकर आहे. तो एखाद्या यंत्रणेत शिरला की पुढची चाळीस मिनिटे केवळ तो आणि मी फासे टाकत बसतो. उरलेले चौघे खाली उतरून चहा पिऊन येतात, तरी आमचे संपलेले नसते. दुसरे असे की त्या यंत्रणेमागची कृत्रिम बुद्धिमत्ता मी खेळवू लागलो की ‘हिला सगळेच कसे ठाऊक असते?’ अशी तक्रार होते. मला हॅकिंगचे सुटसुटीत नियम हवे आहेत आणि या बुद्धिमत्तेला आवर घालणारेही हवे आहेत. हॅकरच काढून टाका, असे कृपया कोणी सुचवू नये.

षट्कोनी
आपण कोणता नियमसंच वापरता, हेच लिहिलेले नाही. फासा कोणता, पात्रे कोणत्या दर्जाची, ही बुद्धिमत्ता नेमके काय काम करते, यातले काहीच कळत नाही. ‘आमचा खेळ’ एवढ्यावरून सल्ला कसा द्यायचा?

मिरज_फलाट_३
नियमसंच कोणताही असो, सायबरपंक रेड हा भूमिकाखेळ आणा आणि मोकळे व्हा. हे दुखणे जुने आहे. १९८८ साली सायबरपंकची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून ‘नेटरनर (म्हणजे तिथला हॅकर) खेळतो आणि बाकीचे जांभया देतात’ ही तक्रार ऐकू येते, आणि २०२० साली आलेल्या रेड आवृत्तीने तिच्यावरच उपाय केला आहे. तिथे नेटरनरला घरी बसून काही करता येत नाही. जोडणीच्या ठिकाणापासून ६ मीटरच्या आत त्याला स्वतःच्या पायांनी जावे लागते, म्हणजे गोळीबार चालू असताना तोही त्याच खोलीत सापडलेला असतो. यंत्रणेचा नकाशा चक्रव्यूहासारखा नसून इमारतीच्या मजल्यांसारखा एकाखाली एक असतो. आपल्या पाळीला त्याने एक नेहमीची कृती करायची किंवा तिच्याऐवजी नेटमधल्या काही कृती करायच्या. नव्या पात्राच्या ४ या दर्जाला अशा ३ कृती मिळतात. तेवढे झाले की पाळी पुढच्याकडे जाते.

आडगाठ
नवे पुस्तक आणायला वेळ नाही आणि कोणी वर्गणीही काढणार नाही. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा सांगाडा वापरतो, म्हणजे डी-२० (वीस बाजूंचा फासा) आणि कौशल्याची बेरीज. हॅकिंगचे नियम मी घरी केलेले आहेत. कथा २०९० च्या सांगलीत घडते. कोयनेपासून खाली कृष्णेपर्यंत धरणांचे दरवाजे केव्हा उघडायचे, हे जलप्रभा नावाची बुद्धिमत्ता ठरवते. खेळाडू पाच आहेत आणि डाव चालवणारा सूत्रधार मी आहे. यातले बरेचसे पहिल्या लेखनातच आले आहे असा माझा समज होता.

हळकुंड
माझा अनुभव सांगतो. आम्ही तिघांनी हल्लीच्या एका चॅटबॉटलाच सूत्रधार केले होते. वर्णने तो सुरेख करत असे. मात्र तिसऱ्या बैठकीपर्यंत तो मेलेल्या पात्राला बोलते करू लागला आणि प्रत्येक फाशात आम्हालाच जिंकवू लागला. तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

षट्कोनी
हळकुंड, विचारलेला प्रश्न कथेतल्या बुद्धिमत्तेचा आहे. सूत्रधार बदलायचा नाही. आणि सांगलीत, जिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तिथे सूत्रधाराची जागा यंत्राला द्यावी हे मला तरी पटत नाही.

माहुली_संगम
मी साताऱ्याचा, आमचाही गट पाच जणांचा आहे आणि आम्ही हे भोगलेले आहे. फलाटकरांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. हॅकर खोलीत असला पाहिजे हे खरे. पण मजले आणि पहारेकरी प्रोग्राम पाचव्या आवृत्तीवर बसवायला गेलात, तर रविवारऐवजी दिवाळी उजाडेल. त्यापेक्षा चकती वापरा. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळात ही रीत होती आणि पुढे ब्लेड्स इन द डार्क या खेळामुळे ती घरोघरी गेली. कागदावर वर्तुळ काढून त्याचे ४, ६ किंवा ८ भाग करायचे आणि संकट जवळ येईल तसे एकेक भाग रंगवायचे. हॅकिंगला तीनच फासे ठेवा : शिरण्याचा, काम करण्याचा आणि माग पुसण्याचा. एका पाळीत एकच फासा, आणि दोन फाशांच्या मध्ये उरलेल्या चौघांच्या पाळ्या. फासा फसला तरी हॅकर बाहेर फेकला जात नाही, फक्त चकतीचा एक भाग रंगतो.

मिरज_फलाट_३
म्हणजे हॅकिंग आणि कुलूप उघडणे यांत काही फरकच राहिला नाही. शॅडोरन या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत बेकायदा कृतीगणिक पाळतीचा आकडा वाढत जातो आणि तो ४० झाला की यंत्र बंद पडून हॅकर कुठे बसला आहे हेही पहारेकऱ्यांना कळते. त्यात धाक आहे.

माहुली_संगम
तो वाढता आकडा म्हणजेच माझी चकती. फरक इतकाच की तुमची चाळीस घरांची आहे आणि तिचा हिशेब ठेवायला वेगळा माणूस लागतो.

कृष्णाकाठ_४१६
सांगलीच्या पुराचा खेळ रचायचा आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा उल्लेखही करायचा नाही, हे चमत्कारिक आहे. तिथली पाणीपातळी ५१९.६० मीटरवर नेली की फुगवटा येतो, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे.

षट्कोनी
तज्ज्ञांचे त्यावर एकमत नाही. तो वाद इथे सुरू झाला तर रविवारचा डाव पुढच्या पावसाळ्यात होईल.

आडगाठ
कृपया अलमट्टी नको. तीन फाशांची कल्पना मला पटली. जलप्रभेचे काय करायचे, ते अजून कोणीच सांगितलेले नाही.

मिरज_फलाट_३
लान्सर या महाकाय लढाऊ यंत्रांच्या खेळातला नियम उचला. यंत्राच्या सांगाड्याला मोठा धक्का बसला की डी-२० टाकायचा आणि १ आला तर आतल्या बुद्धिमत्तेची बंधने तुटतात.

षट्कोनी
लान्सरमधल्या त्या बुद्धी माणसाने रचलेल्या नाहीत, त्यामुळे ते उदाहरण इथे लागू पडत नाही. शिवाय तो नियम तिला मोकळे सोडण्याचा आहे. इथे आवर हवा आहे. माझ्या मते दोष आकडेमोडीत नाही. सूत्रधाराला जे ठाऊक असते ते सगळे तो नकळत तिच्या तोंडी घालतो. डावाआधी एका कार्डावर तीन ओळी लिहा : तिला काय दिसते, तिला काय साधायचे आहे आणि तिला काय करता येत नाही. जलप्रभेला पर्जन्यमापके, पाणी मोजण्याच्या पट्ट्या आणि दरवाजांची स्थिती दिसते. माणसे दिसत नाहीत. तिला धरण वाचवायचे आहे. शहर त्या आज्ञेत आलेलेच नाही. शिरण्याचा फासा साधला की खेळाडूंना त्यातली एक ओळ वाचू द्या. कार्डाबाहेरचे तिला काहीही कळणार नाही, हे बंधन तुमच्यावर आहे. आणि ती फक्त पट्ट्याच पाहत असेल, तर पुलावर जाऊन पट्टीशी खेळणाऱ्या माणसाची योग्यता हॅकरइतकीच ठरते. चौघांना काम मिळते ते इथे.

हळकुंड
माझा मागचा प्रतिसाद अस्थानी होता हे मान्य करून एक सुचवतो. चकती काढायचीच कशाला? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पट्टी आहे की. ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे सांगलीकराला पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, तेव्हा आमच्या गल्लीतले लोक दर तासाला हाच आकडा विचारत होते. डाव ३६ वर सुरू करा. फसलेल्या फाशाला एक फूट, पाचाहून अधिक अंतराने फसला तर दोन. ४० ला जलप्रभेने एक प्रश्न विचारावा, ४५ ला तिने एक वाट बंद करावी, आणि ५७ ला काय होते ते टेबलावर कोणाला सांगावे लागणार नाही.

माहुली_संगम
माझी चकती मी मागे घेतो.

आडगाठ
हे फारच नेमके आहे. परंतु मग माझ्या चक्रव्यूहाचे काय करायचे?

षट्कोनी
कोणता चक्रव्यूह?

आडगाठ
हे सांगायचे राहिले होते. यंत्रणेच्या आतला नकाशा मी आलेखाच्या कागदावर काढला आहे. अकरा पाने आहेत, रंगीत. दिवाळीपासून काढतो आहे.

माहुली_संगम
म्हणजे चाळीस मिनिटे हॅकरमुळे जात नव्हती.

आडगाठ
नव्हती, बहुधा.

हळकुंड
पाने टाकू नका. तेच नकाशे धरणाच्या नियंत्रण कक्षाच्या इमारतीचे म्हणून पसरा, म्हणजे पाचही जण त्यातून चालतील. एक मजला पुरेल. मात्र जिन्याचे पान कोणते, ते आधी शोधून ठेवा.