रस्त्यात भेटलेल्या 'आपल्यातल्या' जपानी गाड्या : तुमचे अनुभव

आपल्या भागात फिरणाऱ्या, मालकाने हौसेने मॉडिफाय केलेल्या जपानी गाड्या कुठे दिसल्या, कशावरून ओळखल्या, मालकाशी बोलणं झालं का, ते लिहा. नंबर प्लेट दिसेल असे फोटो नकोत. 'किती पळवली' हेही नको.

सुरुवात मी करतो. पुण्यात टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाइन अशा स्पोर्ट्स गाड्या रोज कुठून दिसणार! आमचं दैवत म्हणजे जुनी होंडा सिटी व्हीटेक. २००० साली आली, दीड लिटर, १०६ हॉर्सपॉवर. २००३ मध्ये नवीन सिटी आली आणि हिचा खेळ संपला. बाणेर रोडला सिग्नलवर एक पांढरी शेजारी येऊन थांबली. ना स्पॉयलर, ना स्टिकर. पण दोन बोटं खाली बसलेली आणि उभ्या जागी आवाज खर्जातला. काच खाली करून मी एवढंच विचारलं, "काका, हेडर्स?" (म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या बदलल्यात का.) साठीचे गृहस्थ. "हेडर्स आणि इनटेक (इंजिनात हवा घेणारा भाग). बाकी सगळं कंपनीचं," म्हणाले. तेवढ्यात हिरवा लागला.

कोल्हापूर : आमच्याकडे एक मित्सुबिशी सेडिया आहे. दोन लिटरचं इंजिन, रॅलीत गाजलेली गाडी. मालक भेटला की तासभर फक्त पार्ट कुठे मिळतात यावरच बोलणं. पण गाडीच्या मूळ रचनेत बदल नको, असा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आल्यापासून तो रंगसुद्धा आरसी बघून मारतो. बुलेटवाल्यांच्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलिसांचा रोलर फिरताना बघितलाय ना सगळ्यांनी.

ठाणे : रात्री साडेअकराला सोसायटीच्या गेटवर फटफट करणारे 'आपल्यातले' नाहीत. एवढंच.

ऑकलंड : इथे उलटं आहे. जपानहून आलेल्या जुन्या गाड्या इतक्या, की भाजी आणायलाही लोक टर्बो सुबारूतून जातात. तिचा तो अडखळता, घुमणारा आवाज एक्झॉस्टच्या नळ्या कमी-जास्त लांबीच्या असल्यामुळे येतो. माझी पोरगी घरात बसून सांगते, "बाबा, सुबारू!" आणि मोठे बदल करायला इथे बंदी नाही. तपासणी करून घ्यायची, मग गाडीला छोटी धातूची पाटी ठोकून मिळते, तिच्यावर काय काय बदललं ते लिहिलेलं असतं. शेजाऱ्याने बॉनेट उघडून आधी इंजिन नाही, ती पाटीच दाखवली!

योकोहामा : मॉडिफाय गाड्यांचा अड्डा असलेल्या दाइकोकू पार्किंगबद्दल सगळे विचारतात. एक्सप्रेसवेवरची जागा, पायी जाताच येत नाही. गर्दी वाढली की पोलीस सरळ बंद करतात. मला मात्र खरी मजा आमच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आली. एक आर३२ जीटी-आर (स्कायलाइनची जुनी पिढी), आत मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची. मी नुसता बघत उभा राहिलो, तर मालक पिशव्या खाली ठेवून वाकला. मीही वाकलो. माझी जपानी तिथेच संपली.

न्यू जर्सी : २५ वर्षं झालेली गाडीच इथे सरळ आणता येते, म्हणून स्कायलाइनची आर३४ पिढी खऱ्या अर्थाने २०२४ पासून दिसायला लागली. कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूला माझ्यापुढे एक निळी होती. स्टिअरिंग उजवीकडे, खिडकी डावीकडे, आणि मालक एकटा. बिचारा अर्धा आडवा होऊन कार्ड पुढे करत होता. मी उतरून त्याचा कप आत दिला. "तुला उजव्या बाजूने चालवता येते?" त्याने विचारलं. म्हटलं, नाशिकला शिकलोय. पुढच्या रविवारी त्याने किल्ली दिली, पार्किंग लॉटपुरती.