माफ करणं म्हणजे सोडून देणं नव्हे

कोणीतरी म्हटलंय की शत्रूवर प्रेम वगैरे चर्चमधल्या प्रवचनापुरतं ठीक, घरचं माणूस गेलं की कळतं. अहो मग घरचं माणूस गेलेल्यांचंच बघा ना. सिस्टर राणी मारिया, मूळच्या केरळच्या, इंदूरकडे आदिवासींना सावकारी कचाट्यातून सोडवायचं काम करायच्या, १९९५ मध्ये त्यांना बसमध्ये सगळ्यांदेखत भोसकलं. त्यांची सख्खी बहीण, तीही ननच, २००२ च्या राखीपौर्णिमेला जेलमध्ये गेली आणि त्याच मारेकऱ्याला राखी बांधून आली! तोंडाने माफ केलं म्हणणं वेगळं, त्या मनगटावर गाठ मारायची म्हणजे... मला तरी नाही जमणार बुवा. आणि माफ केलं म्हणजे शिक्षा टळली असं नाही, जन्मठेप झालीच होती त्याला. पुढे २००६ ला तो सुटला, त्या सुटकेलाही सिस्टरच्या घरच्यांची हरकत नव्हती.