सकाळचा नाश्ता खावा की सोडावा? वजन उतरवताना आलेले अनुभव, मापांसकट

जास्वंद
माळ्यावरचे डबे काढताना आज एक जुनी वही सापडली. मागच्या पानावर दोन उभे रकाने, एकावर 'दीक्षित', दुसऱ्यावर 'दिवेकर'. 2018 साल डोळ्यांसमोर उभं राहिलं. घराघरांत दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, घरचं, आपल्या भागात पिकणारं, थोडं थोडं पण वेळच्या वेळी खा. बऱ्याच घरांत त्या वर्षी नाश्त्याची कढई खाली उतरली ती उतरलीच. काहींनी वर्षभरात पुन्हा चढवली.

तर या धाग्यावर लिहा. फक्त 'फरक पडला' किंवा 'नाही पडला' एवढंच नको. किती ग्रॅम, किती चमचे, कुठे घोटाळा होतो आणि का, हे हवंय. म्हणजे वाचणाऱ्याला उद्या सकाळी उपयोगी पडेल.

कढीलिंब
पहिलं तेल मोजा. बाकीचं नंतर.
फोडणीची एक पळी साधारण 15 ते 20 मिली भरते. आपापल्या पळीत चमच्याने पाणी ओतून बघा, प्रत्येक घरची वेगळी निघते. 5 मिलीचा सपाट चमचा तेल म्हणजे 40 कॅलरी. म्हणजे एक पळी 120 ते 160.
आता एका माणसाचे कांदेपोहे बघू. कोरडे जाड पोहे 50 ग्रॅम (175), तेल तीन चमचे (120), शेंगदाणे 15 ग्रॅम (85), बटाटा 50 ग्रॅम (40). झाले 420. वरून खोबरं 10 ग्रॅम घातलं की 455 ते 460. मूठभर शेव घातली तर आणखी 80. आणि एवढ्या सगळ्यात प्रथिनं जेमतेम 8-9 ग्रॅम. म्हणून साडेदहाला परत भूक. दोष पोह्यांचा नाही, ताटलीत दुसरं काहीच नसतं त्याचा आहे.
हेच असं करा: पोहे 40 ग्रॅम, तेल एक चमचा, दाणे 10 ग्रॅम, मटार 50 ग्रॅम. 275-280 होतात. सोबत दोन उकडलेली अंडी (140) घेतली की एकूण 420च, पण प्रथिनं 20 ग्रॅम. एक वाजेपर्यंत आरामात निघते.

माहेरवाशीण
कढीलिंबताई, एका चमच्यात चार जणांची फोडणी होते का हो? कांदा करपतो माझा.

कढीलिंब
अगं चौघांना चार चमचे. एक चमचा माणशी. कांदा करपतो कारण आच मोठी आणि कढई कोरडी. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली की कांदा घाल, लगेच मीठ घाल आणि झाकण ठेव. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, तो स्वतःच्या पाण्यात शिजतो. तरी लागला तर दोन चमचे पाणी मार, तेल नको. पोहे भिजवून चाळणीत दहा मिनिटं निथळू दे, मग कमी तेलातही मोकळे होतात. ओलेगच्च असले की लगदा होतो आणि मग आपण सुटायला म्हणून तेल घालत सुटतो.

मोजपट्टी
जरा अभ्यासांकडे बघू, कारण 'नाश्ता सोडला की चयापचय मंदावतं' हे वाक्य प्रत्येक गटात फिरतं.
2019 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या गटाने 13 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी 260 कॅलरी जास्त गेल्या आणि न करणाऱ्यांचं वजन सरासरी 0.44 किलोने कमी भरलं. म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. त्यातल्या बऱ्याच चाचण्या छोट्या आणि थोड्या दिवसांच्या होत्या, म्हणून यावरून 'नाश्ता सोडाच' असंही म्हणता येत नाही.
त्याआधी 2014 मध्ये एमिली धुरंधर आणि सहकाऱ्यांनी 309 जणांवर 16 आठवडे चाचणी केली होती. काहींना नाश्ता करा सांगितलं, काहींना करू नका. वजनात दखल घ्यावी असा फरक नाही.
इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाची चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सडपातळ माणसं, सहा आठवडे. एका गटाने अकराच्या आत 700 कॅलरी खायच्या, दुसऱ्याने बारापर्यंत फक्त पाणी. विश्रांतीच्या वेळचं चयापचय दोन्हीकडे सारखंच राहिलं. पण नाश्ता करणाऱ्यांची दिवसभरातली हालचाल जास्त होती. उपाशी माणूस नकळत कमी हलतो. म्हणून नाश्ता सोडणाऱ्याने पावलं मोजावीतच. सोडण्याआधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा शेजारी ठेवा. पावलं दोन-तीन हजारांनी घसरली असतील तर वाचवलेल्या कॅलरीतला बराच भाग तिथेच गेला.

घाटवाट
मग अमेरिकेतल्या त्या यादीचं काय? वजन उतरवून टिकवलेले लोक, त्यातले 78 टक्के रोज नाश्ता करणारे होते.

मोजपट्टी
हो, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. किमान 13.6 किलो उतरवून वर्षभर टिकवलेली माणसं. पण ती नोंद आहे, चाचणी नव्हे. ही माणसं व्यायामही नेमाने करतात, वजनही सारखं तपासतात. यश नाश्त्यामुळे आलं की या शिस्तीमुळे, ते त्यातून कळत नाही.
आणि 'नाश्ता हे दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं खाणं' हे वाक्य बघा, ते 1917 साली डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या मासिकात छापून आलं होतं. कॉर्नफ्लेक्सवाल्या घराण्यातले तेच केलॉग.

औषधी
घाईत लिहितेय पण हे कृपया सगळ्यांनी वाचा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मनाने नाश्ता सोडू नका.
ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतात, तुम्ही खाल्लं असो वा नसो. गोळी घेतली आणि नाश्ता नाही, तर अकराच्या सुमाराला घाम, हाताला कंप, धडधड, चिडचिड. साखर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. आधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यायची, मग जेवणाची वेळ हलवायची. उलटं नाही.
थायरॉइडची गोळी मात्र रिकाम्या पोटीच, चहा-नाश्त्याच्या किमान अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवा. चहाबरोबर थायरॉइडची गोळी घेतली की ती नीट शोषली जात नाही, मग टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेला दिसतो आणि वजन उतरत नाही म्हणून नाश्त्याला दोष जातो.
गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि वाढीच्या वयातली मुलं यांनी हा प्रयोग करूच नये.

शेवंता
औषधीताई, खूप आभार. हे आईला वाचून दाखवते आत्ताच.

लोकलवाला
5:50 ची गाडी पकडणाऱ्याने नाश्ता घरी करायचा कधी? पहाटे पाचला भूक नसते. बळजबरीने कोंबू नये. मुगाची उसळ रात्रीच करून ठेवायची, डब्यात दीड वाटी, लिंबू वेगळं. आठला जागेवर बसल्यावर खायची. उसळ पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, रात्री फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात कच्चा कांदा-टोमॅटो आधी मिसळला की आठपर्यंत आंबूस वास येतो. कांदा वेगळ्या डबीत.
डबा नसेल तर स्टेशनबाहेरचा वडापाव ठरलेला. आणि भूक लागल्यावर एकावर कोणी थांबत नाही.

रानजाई
ज्यांना सोडायचाच आहे त्यांनी नीट सोडा. सगळ्यात मोठा घोटाळा चहाचा. म्हशीचं दूध 50 मिली आणि दोन चमचे साखर घातलेला कपभर चहा 90 ते 100 कॅलरी. असे दोन, सोबत चार ग्लुकोज बिस्किटं (एक साधारण 25), चहा-बिस्किटांचं मिळून 300 च्या आसपास. 'मी काहीच खाल्लं नाही' म्हणणाऱ्याने खरं तर नाश्ताच केलाय, फक्त प्रथिनांशिवाय. सोडायचा तर कोरा चहा किंवा पाणी.
चहा एकदम बंद केला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं. ते भुकेने नाही, कॅफीन तुटल्याने. आठ-दहा दिवसांत कप अर्ध्यावर आणत जा.
दुसरा घोटाळा दुपारच्या ताटात. 70 किलोच्या माणसाला वजन उतरवताना निदान 60-70 ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. दोनच जेवणं असतील तर प्रत्येकात 30 च्या पुढे हवीत. घट्ट वरण वाटीभर (30 ग्रॅम डाळ) 7, मटकीची उसळ (40 ग्रॅम कोरडी मटकी) 9, दोन पोळ्या 6-7, दही 150 ग्रॅम 5. इतकं सगळं घेऊन 28! वर पनीरचा 50 ग्रॅमचा तुकडा किंवा अंडं हवंच. भात-आमटी-लोणचं यावर दोन वेळा निभावणं जमत नाही, केस गळायला लागतात.
तिसरं, रात्र. सकाळचं वाचवलेलं रात्री नऊनंतर फरसाणाच्या डब्यातून परत येतं.

जास्वंद
रानजाई, तिसऱ्या मुद्द्यावर अजून लिही ना. रात्री कमी आणि सकाळी जास्त खाल्लं तर?

मोजपट्टी
मी सांगतो. 2013 मध्ये एका चाचणीत जाड स्त्रियांना दिवसाला 1400 कॅलरीच दिल्या. एका गटाला सकाळी 700, दुपारी 500, रात्री 200, दुसऱ्याला नेमकं उलट. 12 आठवड्यांत सकाळवाल्यांचं वजन बरंच जास्त उतरलं. पुढे 2022 मध्ये ॲबर्डीनला 30 जणांना मोजून मापून सगळं अन्न देऊन हेच तपासलं, तर वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं. सकाळी जास्त खाणाऱ्यांची दिवसभराची भूक मात्र कमी राहिली. तेव्हा रात्री ज्याचा हात डब्यात जातो त्याने सकाळचं ताट मोठं करून बघावं. ज्याला सकाळी भूकच नसते त्याने ओढूनताणून खाऊ नये.

हिरवाचुडा
एकादशीची साबुदाणा खिचडी नाश्त्यात धरायची का? 😊

कढीलिंब
धरायचीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅमला 350 कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून. त्यापेक्षा वरीचा भात आणि दाण्याची आमटी घे, नाहीतर राजगिऱ्याची भाकरी-दही. उपासही होतो आणि पोटही राहतं.

सातासमुद्रापार
इथे टोरांटोत सकाळी स्वयंपाकाला वेळ नसतो, म्हणून अख्ख्या हिरव्या मुगाची धिरडी. एका माणसाला 60 ग्रॅम मूग (205 कॅलरी, 14 ग्रॅम प्रथिनं), 6 ते 8 तास भिजवून आलं-मिरची-जिऱ्याबरोबर वाटायचे. तीन धिरडी होतात. प्रत्येकाला अर्धा चमचा तेल. पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, मीठ करताना घालायचं, आधी घातलं तर पाणी सुटतं. चुरचुरीत हवं तर चमचाभर तांदळाचं पीठ. मुगाचं पीठ विकत आणून केलं तर चिकट होतात, का कोण जाणे.

माहेरवाशीण
माझी तव्याला चिकटतात 😭

सातासमुद्रापार
बिडाचा तवा आहे का? पहिलं धिरडं पसरण्याआधी तवा तापव, पाणी शिंपड, थेंब नाचून उडाले की आच मंद कर, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरव, मग घाल. तवा धुरावेपर्यंत तापला की पीठ पसरत नाही, गोळा होऊन डावाबरोबर येतं. आणि उलटायची घाई नको, कडा आपोआप सुटू दे.

गणिती
वजन कसं मोजता ते कोणीच लिहिलं नाही. सकाळी उठून, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, रोज. पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर त्यात पाणी बरंच असतं, कारण शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. पाळीच्या आधी एक-दोन किलो वाढतं, तेही पाणीच. म्हणून बायकांनी महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. कंबर बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा, श्वास सोडून. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा.
चार आठवडे नाश्त्यासह, चार आठवडे बिना नाश्त्याचे, बाकी जेवण आणि चालणं तेच. स्वतःपुरतं उत्तर मिळतं.

शेवंता
आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, दडपे पोहे यात कुठे बसतात? 😄

कढीलिंब
आईंना सांग, छान बसतात! पातळ पोहे 40 ग्रॅम, ओलं खोबरं 20 ग्रॅम (70-80 कॅलरी), काकडी भरपूर किसून, कांदा, लिंबू, फोडणीला एक चमचा तेल. काकडीच्या आणि खोबऱ्याच्या ओलाव्यावर वीस मिनिटं दडपून ठेवायचे, वेगळं पाणी नको. नारळाचं पाणी असेल तर दोन चमचे शिंपडायचं.

शेवंता
ती म्हणते पापड भाजून चुरायचा राहिला.

कढीलिंब
भाजून चालेल. तळून नको. आणि खायला बसताना चुरायचा, आधी घातला की मऊ पडतो.